वॉरंटी कोणाची, कधीपासून आणि कशाची?

(रौप्यमहोत्सवी व्याख्यानमालेत संस्थेच्या सभागृहात एका सभासदाने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



समितीने मला सांगितलं, "वापरलेल्या लॅपटॉपच्या वॉरंटीवर दहा मिनिटं बोला." रौप्यमहोत्सवात हा काय विषय, असं काहींना वाटलं असेल. पण या विषयावर बोलण्याचा अधिकार मला एका चुकीमुळे मिळाला आहे, आणि त्या चुकीत पैसे तुमचे होते. म्हणून आधी हिशेब देतो.

दोन वर्षांपूर्वी आपल्या वॉचमनच्या मुलीला कॉम्प्युटर डिप्लोमाला प्रवेश मिळाला. आपण सभासदांनी वर्गणी काढली. चोवीस हजार रुपये जमले. नवा लॅपटॉप त्यात बसेना, म्हणून रिफर्बिश्ड घ्यायचं ठरलं. संस्थेची मेंटेनन्सची बिलं मी कॉम्प्युटरवर काढतो, एवढ्याच भांडवलावर खरेदी माझ्याकडे आली. मी गेलो, लॅपटॉप चालू करून बघितला, स्क्रीन छान दिसली, दुकानदार म्हणाला "तीन महिने वॉरंटी आहे साहेब," आणि मी घेऊन आलो. बिलावर लिहिलं होतं : लॅपटॉप, १ नग. एवढंच. गणेशोत्सवात आरतीनंतर आपण तो तिला दिला. टाळ्या झाल्या. बिल माझ्या कपाटात राहिलं.

जानेवारीत ती जिन्यात भेटली. मी सहज विचारलं, "काय गं, चालतोय ना?" ती गप्प. मग म्हणाली, "काका, चार्जर काढला की लगेच बंद पडतो. आता कधीकधी चार्जर लावूनही सुरू होत नाही." मी विचारलं, कधीपासून? म्हणाली, दिवाळीपासून. म्हणजे बिघाड झाला तेव्हा मुदत शिल्लक होती! मग सांगितलं का नाही? तर म्हणाली, "बाबा म्हणाले, लोकांनी प्रेमानं दिलंय, तक्रार करायची नाही."

धर्माच्या गाईचे दात मोजू नयेत, असं आपल्याकडे म्हणतात. घेणाऱ्यानं मोजू नयेत, हे ठीक. पण देणाऱ्यानं तरी मोजायला हवे होते की नाही?

दुकानदाराकडे गेलो. तो म्हणाला, तीन महिने कधीच संपले. दिवाळीतच बिघडला होता म्हणालो, तर म्हणे पुरावा दाखवा. शिवाय बिलावर सीरियल नंबर नव्हता, म्हणजे हाच लॅपटॉप त्याच दुकानातून घेतला हेसुद्धा दाखवता येईना. उत्पादक कंपनीच्या वेबसाइटवर सीरियल नंबर टाकला, तर तिची वॉरंटी आपण घेण्याच्या आधीच संपलेली. शेवटी बॅटरी आणि दुरुस्ती मिळून सात हजार सातशे रुपये गेले. ते मी संस्थेच्या खात्यावर टाकले नाहीत. पण मुलीचं पहिलं सत्र कॉलेजच्या लॅबमध्ये ताटकळत गेलं, ते काही भरून देता आलं नाही.

आता कामाचं सांगतो. "वॉरंटी आहे का?" हा प्रश्नच अपुरा आहे. "आहे" हे उत्तर प्रत्येक दुकानात मिळतं. विचारायचे प्रश्न तीन : वॉरंटी कोणाची? कधीपासून? आणि कशाची?

पहिला, कोणाची? ओपन बॉक्स म्हणजे खोका उघडलेला माल. एखाद्या गिऱ्हाइकानं परत केलेला किंवा दुकानात मांडून ठेवलेला. त्याच्यावर उत्पादक कंपनीची वॉरंटी अनेकदा शिल्लक असते. रिफर्बिश्ड म्हणजे वापरून झालेला, तपासून, लागेल ते बदलून पुन्हा विकायला काढलेला. पुष्कळ माल मोठ्या कार्यालयांतून तीन-चार वर्षांनी निघालेला असतो. त्याच्यावर कंपनीची वॉरंटी बहुधा संपलेली असते, आणि जी मिळते ती विकणाऱ्याची. म्हणजे ते दुकान उद्या बंद झालं की वॉरंटीही बंद. लॅपटॉपवर नामांकित कंपनीचं नाव आहे म्हणून तिच्या सर्व्हिस सेंटरला जाल, तर ते हात वर करतील, आणि त्यात त्यांचं चुकलं असं म्हणता येणार नाही.

दुसरा, कधीपासून? हे आपल्याला घराच्या उदाहरणावरून पटकन कळेल. रेरा कायद्यात नव्या इमारतीच्या बांधकामातील दोषांसाठी बिल्डरची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षं असते. तुम्ही तीन वर्षांनी रिसेलचा फ्लॅट घेतलात, तर तुमच्यासाठी पाच वर्षं नव्यानं सुरू होत नाहीत. उरलेली दोनच मिळतात. लॅपटॉपचंही तसंच. ओपन बॉक्स मालाचा एक वर्षाचा काटा पहिल्या गिऱ्हाइकाच्या बिलापासूनच फिरायला लागलेला असू शकतो. म्हणून दुकानात उभे असतानाच लॅपटॉपच्या पाठीवरचा सीरियल नंबर मोबाइलवरून कंपनीच्या वेबसाइटवर टाका. संपण्याची तारीख समोर येते. दोन मिनिटांचं काम आहे. दुकानदार "नंतर बघा" म्हणाला, तर समजून जा.

तिसरा, कशाची? वॉरंटी "लॅपटॉपची" असली तरी बॅटरी आणि चार्जर त्यात असतीलच असं नाही. अनेकदा त्यांना वगळलेलं असतं, किंवा त्यांची मुदत कमी असते. आणि जुन्या लॅपटॉपमध्ये आधी दमते ती बॅटरीच! विंडोजमध्ये बॅटरीचा रिपोर्ट काढता येतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता, दोन्ही आकडे दिसतात. आजचा आकडा निम्म्यावर आला असेल, तर बॅटरीचा खर्च किमतीत धरा. पाणी सांडणं, पडून फुटणं हे साध्या वॉरंटीत येत नाही. दुरुस्ती करून देणार, बदलून देणार की पैसे परत देणार, हेही विचारा. या तीन गोष्टी वेगवेगळ्या आहेत.

तिन्ही उत्तरं बिलावर लिहून घ्या. मॉडेल, सीरियल नंबर, रिफर्बिश्ड की ओपन बॉक्स हा शब्द, मुदत, आणि बॅटरी धरून की सोडून. आपल्याकडे शेअर सर्टिफिकेट हरवलं तर सभासद किती धावपळ करतो, हे सचिवांना विचारा. लॅपटॉपचं बिल म्हणजे त्याचं शेअर सर्टिफिकेटच.

आता कायद्याचं थोडक्यात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हा जुलै २०२० पासून लागू झाला. स्वस्तात घेतलं, जुनं घेतलं, म्हणून आपण ग्राहक राहत नाही असं नाही. जुना किंवा दुरुस्त केलेला माल नवा म्हणून विकणं ही या कायद्यानं अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणं हीसुद्धा. आणि सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत, मुदत लिहिलेलीच नसेल तर तीस दिवसांत, परत घेऊन पैसे द्यायला नकार देणं हीसुद्धा. "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटी वाचून आपण मुकाट्यानं परत फिरतो, ते यापुढे नको.

ऑनलाइन घेतलं असेल, तर तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हावं असा २०२० चा नियम आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथे आधी फोन करा. तेवढ्यानं नाही भागलं तर जिल्हा ग्राहक आयोग. आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लावलाच पाहिजे असं नाही. मुदत दोन वर्षांची.

आणि मला फार उशिरा समजलेली एक गोष्ट. ज्यानं पैसे दिले तोच ग्राहक, असं कायदा म्हणत नाही. विकत घेणाऱ्याच्या संमतीनं जो ती वस्तू वापरतो, तोही ग्राहक. म्हणजे आपल्या वॉचमनची मुलगी ग्राहक होती. तक्रार करायचा तिला पूर्ण हक्क होता. तो तिला कोणी सांगितला नाही, आणि ते काम माझं होतं.

ती आता डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. लॅपटॉप चालतोय. गेल्या महिन्यात तिच्या मैत्रिणीला लॅपटॉप घ्यायचा होता, तर ही सोबत गेली आणि सीरियल नंबर तपासल्याशिवाय तिनं पैसे देऊ दिले नाहीत.

यंदा रौप्यमहोत्सवी निधीतून आपण आणखी दोन मुलांना लॅपटॉप देणार आहोत. माझी समितीला विनंती आहे की, लॅपटॉपबरोबर बिलही त्या मुलांच्याच हातात द्यावं, आणि पहिल्या दहा दिवसांत एकदा, मुदत संपण्याआधी एकदा, त्यांच्या घरी जाऊन विचारावं, "चालतोय ना?" विचारायला जायचं काम मी करीन. जिन्यात भेट होण्याची वाट बघणार नाही.