परदेशी तंत्रविद्यापीठ : शुल्कापलीकडचा हिशेब



जर्मनीतील आखेनच्या तंत्रविद्यापीठात अध्यापनशुल्क नाही, हे ऐकून अनेक घरांत उत्साह संचारतो. तो अनाठायी नाही. मात्र व्हिसासाठी वर्षभराच्या निर्वाहाची रक्कम आधीच ‘ब्लॉक्ड अकाउंट’मध्ये ठेवावी लागते. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ युरो ठरली. तेथे पोहोचल्यावर दरमहा ९९२ युरो हाती येतात. हा हिशेब पालक चोख मांडतात. मांडायचा राहतो तो परीक्षांचा.

तेथे बहुतेक व्याख्यानांना हजेरी नसते. सत्रभर मोकळीक आणि अखेरीस एकच परीक्षा, अशीच अनेक विषयांची रीत. गुणांकनही उलटे : १ सर्वोत्तम, ४ पर्यंत उत्तीर्ण, ५ म्हणजे अनुत्तीर्ण. अनेक विद्यापीठांत एका विषयाची परीक्षा तीनदाच देता येते. आवश्यक विषयात तिसऱ्यांदा अपयश आले, की प्रवेश रद्द होतो आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत अन्यत्रही सहसा घेता येत नाही. शिक्षणासाठी मिळालेला निवासाचा परवानाही मग धोक्यात येतो.

महाराष्ट्राबाहेर, घरी मराठी व रस्त्यावर दुसरीच भाषा बोलत वाढलेल्या मुलांना जर्मनचे भय फारसे वाटू नये. भय असते ते घरच्या कर्जाचे. म्हणून पहिल्या अपयशाची वार्ता फोनवर येत नाही. ‘सगळं ठीक आहे’ एवढेच कानी पडते. वस्तुतः सल्ल्याची वेळ तीच. विद्याशाखेचे अभ्याससल्लागार असतात, समुपदेशनही मिळते; पण दार विद्यार्थ्यालाच ठोठवावे लागते, आणि तेही दुसऱ्यांदा परीक्षेस बसण्यापूर्वी.