उशिरा पोचलेला सन्मान

१९०२ साली कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीने गोहरजान यांचे गाणे प्रथम तबकडीवर उतरवून घेतले. त्या काळच्या त्यांच्या अनेक तबकड्यांत गाणे संपता संपता एक वाक्य ऐकू येते. त्यात गायिका आपले नाव इंग्रजीत सांगते. तबकड्या जर्मनीत तयार व्हायच्या असत आणि तेथील कारागिरांना हे गाणे कोणाचे, हे कळायला हवे, म्हणून ही व्यवस्था होती. गायिकेचे नाव अशा रीतीने तबकडीच्या खाचेतच कोरले गेले. परंतु ज्यांच्या कौशल्यामुळे तो आवाज कोरला गेला, त्यांची नावे ना खाचेत असत ना वरच्या कागदावर.

हा कृतघ्नपणा म्हणावा, तर तसेही नाही. ध्वनिमुद्रणाच्या कामाचा स्वभावच असा आहे की, ते जितके निर्दोष, तितके ऐकणाऱ्याच्या लक्षात कमी येते. यंत्र खरखरू लागले म्हणजेच त्याचे अस्तित्व जाणवते. विस्मरण हीच ज्याच्या यशाची खूण, त्याचा सन्मान कसा करावा, हा प्रश्न म्हणून वाटतो तितका सोपा नाही. ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याच्या चरित्रात तो विशेष तीव्रतेने उभा राहतो.

ब्लमलाइनचा जन्म लंडनमध्ये १९०३ साली झाला. विद्युत अभियांत्रिकीचे शिक्षण घेऊन त्याने प्रथम टेलिफोनच्या तारांवर काम केले आणि १९२९ मध्ये तो कोलंबिया ग्राफोफोन कंपनीत दाखल झाला. १९३१ मध्ये ही कंपनी व ग्रामोफोन कंपनी एकत्र येऊन ई.एम.आय. ही संस्था निर्माण झाली. कुत्रा आणि कर्णा यांच्या चित्रामुळे भारतीयांच्या घराघरांत ओळखीची झालेली तबकडी याच घराण्यातली. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात लंडनमधील ॲबे रोडवर संस्थेचे ध्वनिमुद्रणगृह सुरू झाले.

त्याच सुमारास ब्लमलाइन चित्रपट पाहायला गेला होता. सोबत डोरीन लेन होती. पुढे तिच्याशीच त्याचा विवाह झाला. पडद्यावरचा नट एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे चालत जाई, पण त्याचा आवाज मात्र एकाच ठिकाणाहून येत राही. ही विसंगती ब्लमलाइनला खटकली आणि तिच्यावरचा उपाय आपल्याला सापडला आहे, असे त्याने डोरीनला सांगितले, अशी हकीकत आहे. ही विसंगती लाखो प्रेक्षकांच्या समोर होती, पण तिच्याकडे प्रश्न म्हणून पाहणारी दृष्टी थोड्यांनाच होती.

प्रश्न नेमका काय होता, हे मैफलीच्या उदाहरणाने सहज ध्यानी येईल. मध्ये गायक, एका बाजूला तबला, दुसऱ्या बाजूला पेटी, मागे दोन तंबोरे. डोळे मिटून बसलेल्या रसिकालाही कोणता स्वर कोठून येतो, हे बिनचूक कळते. डावीकडचा आवाज डाव्या कानावर किंचित आधी आणि किंचित अधिक जोराने पडतो, आणि हा सूक्ष्म फरक मेंदू क्षणार्धात जोखतो. जुन्या तबकडीत मात्र गायक, तबला, पेटी आणि तंबोरे हे सारे एकाच कर्ण्याच्या तोंडी कोंबले जात. स्वर ऐकू येत, पण बैठक नाहीशी होई.

१४ डिसेंबर १९३१ रोजी ब्लमलाइनने ब्रिटिश पेटंट कार्यालयात आपला अर्ज दाखल केला. ३,९४,३२५ या क्रमांकाच्या या पेटंटात एकूण ७० दावे आहेत. परस्परांशेजारी ठेवलेल्या दोन मायक्रोफोनांनी ध्वनी कसा टिपावा, त्यांतील फरक दोन ध्वनिक्षेपकांतून कसा व्यक्त करावा, चित्रपटाच्या फितीवर तो कसा उमटवावा, या सर्वांचा विचार त्यात आहे. पण त्यातील सर्वांत चतुर कल्पना तबकडीची होती. दोन मायक्रोफोनांचे दोन प्रवाह एकाच खाचेत साठवायचे कसे? तबकडीची खाच म्हणजे नांगराने पाडलेली बारीक सरी. तिला दोन उतरत्या भिंती असतात. या भिंती एकमेकींशी काटकोनात आणि तबकडीच्या पृष्ठभागाशी ४५ अंशांत ठेवल्या, तर एका भिंतीवर डावा ध्वनी व दुसरीवर उजवा ध्वनी कोरता येतो. काटकोनामुळे एकीची हालचाल दुसरीच्या आड येत नाही, आणि एकच सुई दोन्ही वाचू शकते. आज ज्याला स्टिरिओ म्हणतात, त्याचा हा पाया होय. ब्लमलाइन त्याला 'द्विकर्णी' ध्वनी म्हणत असे.

कल्पना कागदावर राहिली नाही. १९३३ च्या अखेरीस प्रयोगशाळेतील सहकारी खोलीभर चालत-बोलत फिरले आणि त्यांच्या आवाजांच्या जागा तबकडीवर उमटल्या. १९३४ च्या जानेवारीत ॲबे रोड येथे सर टॉमस बीचम हे लंडन फिलहार्मोनिक वाद्यवृंदाकडून मोझार्टच्या 'ज्युपिटर' सिंफनीची तालीम करून घेत असता तीही या पद्धतीने मुद्रित करण्यात आली. १९३५ साली हेज स्थानकातून जाणाऱ्या आगगाड्यांचा एक लहानसा बोलपट तयार झाला. त्यात गाडीबरोबर तिचा आवाजही पडद्यावरून सरकत जातो.

येथे एक गोष्ट न्यायाने नमूद करायला हवी. दोन कानांचा विचार करणारा ब्लमलाइन हा पहिला किंवा एकटा नव्हता. १८८१ च्या पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर याने ऑपेराचे गायन दोन टेलिफोनांद्वारे दोन्ही कानांना ऐकवले होते. अमेरिकेत बेल प्रयोगशाळेतील आर्थर केलर व त्याचे सहकारी याच सुमारास याच वाटेने चालले होते. तंत्रविद्येत एकच दार अनेकजण ठोठावत असतात. कोण केव्हा पोचला, याची नोंद म्हणूनच महत्त्वाची ठरते.

बाजाराला मात्र या नवलाईची घाई नव्हती. संस्थेचे लक्ष दूरचित्रवाणीकडे वळले आणि ब्लमलाइनही तिकडे वळला. १९३६ च्या नोव्हेंबरात बी.बी.सी.ने अलेक्झांड्रा पॅलेस येथून नियमित प्रक्षेपण सुरू केले. त्यातील ४०५ रेषांच्या पद्धतीच्या उभारणीत त्याचा मोठा वाटा होता. मग महायुद्ध आले. विमानातून खालच्या भूप्रदेशाचा नकाशा अंधारातही दाखवणाऱ्या रडारवर तो काम करू लागला. ७ जून १९४२ रोजी त्या यंत्राची चाचणी चालू असता हॅलिफॅक्स जातीच्या विमानाच्या इंजिनाला आग लागली आणि वेल्सच्या सीमेजवळ वेल्श बिकनर येथे ते कोसळले. विमानातील अकराही जण मृत्युमुखी पडले. ब्लमलाइनला एकोणचाळिसावे वर्ष पुरे व्हायला तीन आठवडे उरले होते. त्याच्या नावावर तोवर १२८ पेटंटे होती.

शत्रूला सुगावा लागू नये म्हणून सरकारने ही वार्ता गुप्त ठेवली. युद्धाच्या दृष्टीने ते आवश्यक होते, आणि ते रडार पुढील वर्षाच्या जानेवारीत कामी आलेही. पण त्या आवश्यकतेची किंमत एका नावाने मोजली. ज्या वेळी देशाने त्याच्याविषयी बोलायचे, त्या वेळी देशाला मौन पाळावे लागले, आणि मौन उठले तोवर सांगण्याचा प्रसंग निघून गेला होता. १९५८ मध्ये स्टिरिओ तबकड्या बाजारात आल्या. त्यांची खाच त्याच ४५ अंशांची होती. तोवर ब्लमलाइनच्या पेटंटाची मुदत संपली होती, आणि दोन ध्वनिक्षेपकांसमोर विस्मयाने बसलेल्या रसिकांपैकी फारच थोड्यांना त्याचे नाव ठाऊक होते.

सन्मान आले, पण संथ पावलांनी. १९७७ मध्ये लंडनच्या ईलिंग भागातील त्याच्या घरावर निळा स्मृतिफलक लागला. २०१५ मध्ये अभियंत्यांच्या आय-ट्रिपल-ई या जागतिक संस्थेने ॲबे रोड येथे त्याच्या शोधाचा गौरव करणारा फलक बसवला. २०१७ साली अमेरिकेच्या रेकॉर्डिंग अकॅडमीने ध्वनिमुद्रणातील तांत्रिक कामगिरीसाठी असलेला ग्रॅमी सन्मान त्याला मरणोत्तर दिला. अर्जाच्या तारखेपासून मोजले, तर मध्ये पंचाऐंशी वर्षे गेली होती.

इतक्या उशिरा दिलेल्या सन्मानाचा उपयोग कोणाला, असे कोणी विचारील. ज्याला तो मिळाला, त्याला त्याचा उपयोग नाही, हे उघड आहे. परंतु हा सन्मान शक्य तरी कशामुळे झाला, हे पाहण्यासारखे आहे. वृत्तपत्रे गप्प होती, बाजार उदासीन होता, आणि जवळच्या माणसांना बोलण्याची मुभा नव्हती. या सर्व काळात पेटंट कार्यालयाच्या दप्तरात मात्र एक कागद तारीख-क्रमांकासह शांतपणे पडून होता. सरकारी दप्तराची थट्टा करणे सोपे असते, पण प्रीती आणि कीर्ती दोन्ही विसरतात, तेव्हा कधी कधी दप्तरच तेवढे विसरत नाही. हार-तुरे नंतरचे. कोणी काय केले, केव्हा केले आणि आणखी कोण त्या वाटेवर होते, याची प्रामाणिक नोंद हाच तंत्रज्ञाचा पहिला सन्मान. ती नोंद नसेल, तर पुढच्या पिढीची कृतज्ञता कितीही मोठी असली, तरी तिला जायला पत्ता उरत नाही.

भारतातही गेल्या शतकात असंख्य मैफली मुद्रित झाल्या. गायकांची नावे आपल्याला पाठ आहेत. त्या रात्री मायक्रोफोन कोठे ठेवावा, हे ज्यांनी ठरवले, त्यांची नावे कोठल्या वहीत सापडतील का, हे शोधण्याची वेळ ती वही जीर्ण होण्यापूर्वीची आहे.