त्रेपन्न नंबरची बाटली



औषध आणि लस या दोन वस्तू दवाखान्यात शेजारीशेजारी ठेवलेल्या असतात, म्हणून त्या एकाच जातीच्या आहेत असे आपण धरून चालतो. वस्तुतः त्यांच्यात मोठे अंतर आहे. औषध आजारी माणूस घेतो. त्याला ताप असतो, वेदना असतात. थोडा धोका पत्करूनही त्याला बरे व्हावयाचे असते. लस मात्र धडधाकट माणूस घेतो. आई आपले हसतेखेळते मूल परिचारिकेच्या हाती देते, ते एका अशा रोगाच्या भीतीने, की जो अद्याप आलेला नाही आणि कदाचित येणारही नाही. शिवाय त्या टोचणीचा लाभ एकट्या तिच्या मुलाला होतो असे नव्हे. शेजारच्या मुलालाही तो होतो. म्हणजे लस टोचून घेणारा प्रत्येक माणूस शासनाला विश्वास उसना देत असतो. उसने घेतलेले परत करावे लागते, हा आपल्या घरातला साधा नियम आहे. शासनाने तो कसा पाळावा, हा सार्वजनिक आरोग्याच्या धोरणातला मूळ प्रश्न आहे, असे मला वाटते. या प्रश्नाकडे आज आपण एका बाटलीच्या गोष्टीतून पाहू.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. आकासियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. त्यानंतर थोड्याच दिवसांत वाल्देमार हाफकिन मुंबईस आले. ते ओडेसाचे, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत तयार झालेले जंतुशास्त्रज्ञ. अपुऱ्या साधनांनिशी काम करून त्यांनी प्लेगवर लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेतली. पुढे परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्रयोगशाळा थाटली गेली आणि तेथून लशीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या.

याच सुमारास राज्याच्या हाती दुसरे एक साधन आले होते. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथीच्या रोगांचा कायदा झाला. पुण्यात त्या कायद्याच्या बळावर सोल्जर घराघरांत शिरले. देवघर पाहिले नाही, माजघर पाहिले नाही. त्याची परिणती २२ जूनच्या रात्री रँडवर झालेल्या गोळीबारात झाली, हे आपण शाळेत शिकलो आहोत. त्याच साथीत रुग्णांची सेवा करीत असता सावित्रीबाई फुले १० मार्च रोजी प्लेगने गेल्या. एकाच रोगाशी एकाच शहरात झालेल्या या दोन झुंजी होत्या. एकीत हुकूम होता, दुसरीत आपुलकी होती. लोकांनी कोणती लक्षात ठेवली हे सांगावयास नको.

आता बाटलीकडे येतो. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुलकोवाल या गावी १०७ जणांना प्लेगची लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जणांना ज्या बाटलीतून लस दिली गेली, तिच्यावर त्रेपन्न-एन असा क्रमांक होता. काही दिवसांतच त्या एकोणीसही जणांना धनुर्वात झाला आणि ते सारे दगावले. इतर बाटल्यांतून लस घेतलेल्यांपैकी कोणालाही धनुर्वात झाला नाही.

सरकारने चौकशी आयोग नेमला. बाटली परळलाच दूषित झाली असावी, असा निष्कर्ष आयोगाने काढला. लशीत कार्बोलिक आम्ल मिसळण्याची जुनी रीत सोडून हाफकिन यांनी उष्णतेने निर्जंतुक करण्याची रीत स्वीकारली होती. तिच्यावर बोट ठेवण्यात आले. हाफकिन यांना पदावरून दूर व्हावे लागले आणि १९०४ साली त्यांनी हिंदुस्थान सोडला. पण पुढे कागद बारकाईने वाचले गेले, तेव्हा निराळीच हकीकत पुढे आली. मुलकोवालला बाटलीचे बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करताच पुन्हा वापरला गेला होता. शिवाय बाटली उघडली तेव्हा तिला कसलीही दुर्गंधी नव्हती. धनुर्वाताचे जंतू आत आठवड्यांमागून आठवडे वाढत असते, तर ती आल्यावाचून राहिली नसती. १९०७ च्या जुलैत रोनाल्ड रॉस आणि त्यांच्या सहकारी शास्त्रज्ञांनी लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये पत्र लिहून हाफकिन यांची बाजू मांडली. त्या वर्षअखेरीस ते निर्दोष ठरले आणि कलकत्त्यास पुन्हा कामावर रुजू झाले. १९२५ साली परळच्या त्या संस्थेस त्यांचेच नाव देण्यात आले.

ही गोष्ट बहुधा येथेच संपविण्यात येते. एका शास्त्रज्ञावर अन्याय झाला आणि उशिरा का होईना, तो दूर झाला. मला मात्र ती येथे संपते असे वाटत नाही. मुलकोवालच्या बरोबर एक वर्ष आधी, १९०१ च्या शरदात, अमेरिकेतील सेंट लुइस या शहरात अशीच दुर्घटना घडली होती. घटसर्पावरील रक्तद्रव तेथे घोड्याच्या रक्तापासून तयार करीत. त्यांतील एका घोड्याला धनुर्वात झाला. त्याच्या रक्तातून काढलेला द्रव न तपासता वापरला गेला आणि १३ मुले दगावली. रोग तोच, काळ तोच, वेदनाही तीच. पण तेथे पुढच्याच वर्षी, १ जुलै १९०२ रोजी, एक कायदा संमत झाला. लशी आणि रक्तद्रव तयार करणाऱ्याने परवाना घ्यावा, त्याच्या कारखान्याची तपासणी व्हावी, बाटलीवर उत्पादकाचे नाव आणि मुदतीची तारीख असावी, असे त्या कायद्याने ठरविले.

तेथे प्रश्न विचारला गेला, “हे पुन्हा घडू नये म्हणून काय करावे?” आपल्याकडे परक्या सरकारने प्रश्न विचारला, “दोष कोणाचा?” या दोन प्रश्नांतले अंतर शासनाच्या सेवेत आयुष्य घालविणाऱ्याला चांगले ठाऊक असते. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की फाईल बंद होते. पहिल्या प्रश्नाची फाईल कधीच बंद होत नाही. तिच्यातूनच व्यवस्था उभी राहते.

आपल्या देशात औषधांचा कायदा यावयास १९४० साल उजाडावे लागले. आज त्या कायद्याखाली लशीच्या कारखान्याला परवाना लागतो आणि कसौलीच्या केंद्रीय औषध प्रयोगशाळेने कागदपत्रे व नमुने पाहून संमती दिल्यावाचून लशीचा कोणताही घाणा बाजारात जात नाही. मुलकोवालच्या आयोगापुढे अशा तपासणीची नोंद असती, तर परळवर संशय घेण्याचे कारण उरले नसते. नियमन ही उत्पादकाला केवळ जाच वाटणारी गोष्ट आहे. पण प्रामाणिक उत्पादकाचे तेच खरे चिलखत असते.

तथापि नियमन एकट्याने पुरे पडत नाही. २००८ च्या जानेवारीत कसौली, कुन्नूर आणि गिंडी येथील तीन सरकारी लसनिर्मिती संस्थांचे परवाने, उत्पादनाची विहित मानके पाळली जात नाहीत या कारणास्तव, निलंबित करण्यात आले. सरकारने सरकारी संस्थांनाही कायदा लावला, हे योग्यच झाले. पण या संस्था देशाच्या लसीकरणाचा आधार होत्या. मानके वाढत असताना त्यांच्या इमारती, यंत्रे आणि माणसे यांवर वेळीच खर्च झाला असता, तर निलंबनाची पाळी आली नसती. २०१० साली निलंबन उठविण्यात आले. परीक्षक कडक असावा, पण विद्यार्थ्याला वर्षभर पुस्तकेच न देणाऱ्या पालकालाही कोणी तरी जाब विचारला पाहिजे.

आणि आता त्या चिमट्याविषयी. परळची बाटली निर्दोष होती, तरी माणसे दगावली. कारण दोष शेवटच्या हातात होता. नियामकाचा अंमल कारखान्याच्या फाटकापाशी बराचसा संपतो. तेथून पुढे लशीला दूरचा प्रवास करावयाचा असतो, तोही बहुतेक लशींच्या बाबतीत दोन ते आठ अंश तपमानात. म्हणून पुष्कळशा कुप्यांवर आज एक लहानसा चौकोन छापलेला असतो. उष्णता लागली की त्याचा रंग गडद होतो आणि लस वाया गेली हे परिचारिकेला पाहताक्षणी कळते. एकदा वापरली की निकामी होणारी सिरिंज आली, तिने मुलकोवालच्या चिमट्याची जागा घेतली. पण चौकोनाकडे पाहणारे डोळे आणि सिरिंज धरणारा हात शेवटी माणसाचाच असतो.

म्हणूनच लशीचे धोरण आरोग्यव्यवस्थेच्या धोरणापासून वेगळे काढता येत नाही. भोर समितीने १९४६ साली हेच सांगितले होते. पैसे नाहीत म्हणून कोणी उपचारावाचून राहू नये आणि प्रतिबंध व उपचार ही दोन्ही कामे एकाच प्राथमिक केंद्रातून व्हावीत, हा तिचा गाभा होता. आज सपाटीवर तीस हजार आणि डोंगरी वा आदिवासी भागात वीस हजार वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे, असा आपला दंडक आहे. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत सरकारचा आरोग्यावरील खर्च राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठरविले. ती मुदत संपली आणि उद्दिष्ट दूरच राहिले. हे केवळ हिशेबाचे अंक नव्हेत. रिकाम्या राहिलेल्या परिचारिकेच्या एका जागेमुळे शेजारच्या परिचारिकेवर दोन उपकेंद्रांचा भार पडतो. आणि थकलेल्या हातातूनच चिमटा निसटतो.

व्यवस्था उभी राहिली की काय साधते, याची साक्षही आपल्याच देशात आहे. देवी १९७५ साली येथून गेल्या. २००९ साली देशात पोलिओचे ७४१ रुग्ण होते. २०१० साली ४२ झाले. २०११ च्या जानेवारीत हावड्यास एक मूल आजारी पडले आणि ते शेवटचे ठरले. लशीविषयी शंका घेणाऱ्या वस्त्यांतून तेथल्याच बायाबापड्या दारोदार फिरल्या, मौलवींनी आणि शाळामास्तरांनी समजूत घातली. पुण्यात सोल्जराला जे साधले नाही, ते येथे शेजारणीला साधले.

उसन्या विश्वासाची परतफेड करण्याचे आणखी दोन मार्ग आहेत. पहिला, सत्य सांगणे. ३ जानेवारी २०२१ रोजी आपल्याकडे कोरोनाच्या दोन लशींना तातडीची परवानगी मिळाली. त्यांपैकी एकीच्या परिणामकारकतेचे तिसऱ्या टप्प्यातील आकडे त्या दिवशी हाती आलेले नव्हते. ते पुढे आले आणि समाधानकारक ठरले. संकटाच्या दिवसांत असा निर्णय घ्यावा लागतो, हे समंजस माणूस जाणतो. पण निर्णयामागची कारणे तेव्हाच पूर्णपणे लोकांपुढे ठेवली असती, तर शंकेला जागा थोडी उरली असती. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २०२२ रोजी दिलेल्या निकालात सांगितले, की कोणावरही लसीची सक्ती करता येणार नाही आणि लसीकरणानंतरच्या प्रतिकूल घटनांची माहिती लोकांना खुली असावी. पुण्याचा १८९७ चा धडा १२५ वर्षांनी न्यायाच्या भाषेत लिहिला गेला.

दुसरा मार्ग भरपाईचा. हाफकिन यांना न्याय मिळाला की नाही, याची चर्चा पाच वर्षे चालली आणि ती लंडनपर्यंत पोहोचली. मुलकोवालच्या एकोणीस घरांची चर्चा मात्र क्वचितच होते. कितीही काळजी घेतली, तरी लाखो टोचण्यांत एखादी कोणाला तरी बाधते. ती माणसे इतरांच्या संरक्षणासाठी पुढे झालेली असतात. इंग्लंडने १९७९ साली आणि अमेरिकेने १९८६ साली अशांसाठी कायदे केले. दोष कोणाचा हे सिद्ध करण्याचा भार त्या कुटुंबावर न टाकता त्याला मदत द्यावी, हे त्यांमागचे तत्त्व आहे. हे तत्त्व आपल्या व्यवस्थेतही पक्के रुजले पाहिजे. यात लशीची बदनामी होते, असे काहींना वाटते. मला वाटते, उलट होईल. दुर्दैव ओढवले तर आपण एकटे पडणार नाही, हे ज्या आईला ठाऊक आहे, तीच निर्धास्तपणे मूल पुढे करील.

दरवर्षी आपल्या देशात अडीच कोटींहून अधिक बाळांना टोचण्या द्यावयाच्या असतात. तितक्याच आया तितक्याच वेळा शासनाला विश्वास उसना देतात. कारखान्यातील तपासणी, केंद्रातील पुरेशी माणसे, मोकळेपणाने सांगितलेले सत्य आणि दुर्दैवी घराला दिलेला आधार, हे त्या कर्जाचे चार हप्ते आहेत. त्यांतला एकही चुकवून चालणार नाही.