कारखान्यातील विजेची वाट



सुरतेच्या दक्षिणेस सचिन नावाचे गाव आहे. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातील एका शाखेचे संस्थान येथे १७९१ पासून १९४८ पर्यंत नांदले. आज तेथे मोठी औद्योगिक वसाहत आहे. यंत्रमागांच्या व रंगाईच्या कारखान्यांनी ती गजबजलेली असते. सुरतेच्या या धंद्यावर खानदेशातून गेलेली कित्येक मराठी कुटुंबे पोट भरतात. अशा कारखान्यात मुख्य फलकापासून यंत्रापर्यंत वीज कशी न्यावयाची, हा प्रश्न मालकाच्या हिशेबाचा आहेच. पण यंत्राशेजारी उभे राहणाऱ्याच्या जिवाचाही आहे.

मार्ग दोन आहेत. पहिला कॉन्ड्यूटचा. लोखंडी किंवा पीव्हीसीच्या नळीतून प्रत्येक यंत्रासाठी स्वतंत्र तारा ओढावयाच्या. दुसरा बसबार ट्रंकिंगचा. तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या बंद पेटीत घालून ती पेटी छताखाली लांबवर टांगावयाची, आणि यंत्र असेल तेथे टॅप-ऑफ बॉक्स बसवून वीज खाली उतरवावयाची. जुन्या गिरण्यांच्या साळखात्यात छताखाली एकच लांब दांडा फिरे आणि पट्ट्यांनी साच्यासाच्याला गती मिळे. तसाच काहीसा हा प्रकार.

कॉन्ड्यूटला प्रारंभी खर्च थोडा. एका यंत्राची तार बिघडली तर तेवढेच यंत्र थांबते. परंतु एकाच नळीत पुष्कळ तारा कोंबल्या तर उष्णतेस वाट मिळत नाही. प्रवाह दुप्पट झाला म्हणजे उष्णता चौपट होते, हे आपण शाळेतच शिकतो. शिवाय यंत्राची जागा बदलली की नळी नव्याने टाकावी लागते. तेवढा धीर कोणास असतो? मग ‘तात्पुरती’ म्हणून एक तार जमिनीवरून ओढली जाते, आणि ती वर्षानुवर्षे तशीच राहते. पाण्याच्या झोतावर चालणारे लूम असले तर खालची जमीन ओलीच असते. पुढे काय घडू शकते, हे सांगावयास नको.

बसबारवर हा मोह टळतो. वीज बंद करून बॉक्स काढावा, नव्या जागी बसवावा, काम झाले. मात्र ही व्यवस्था महाग असते, आणि तिचे सांधे ठरलेल्या जोराने आवळून वेळोवेळी तपासावे लागतात. सैल सांधा तापतो, आणि मुख्य पट्टीच बिघडली तर सारी रांग बंद पडते. पेटीत धूळ व पाण्याचे तुषार शिरू नयेत, अशीच ती घ्यावयास हवी.

तेव्हा लूम वारंवार हलतात, वाढतात, तेथे बसबार योग्य. रंगाईखात्यात मात्र यंत्रे एकाच जागी असतात, आणि वाफ व रसायनांचा मारा असतो. तेथे न गंजणारी, तोंडे नीट बंद केलेली कॉन्ड्यूट पुरेशी ठरते.

निवड करण्यापूर्वी मालकाने स्वतःस एकच प्रश्न विचारावा : हे यंत्र पाच वर्षांनी येथेच असेल काय? आणि उत्तर काहीही आले, तरी जमिनीवरची ती ‘तात्पुरती’ तार आजच उचलावी.