उद्याचा पैसा आणि आपली जबाबदारी

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक-वितरण समारंभातील व्याख्यान)



आजच्या व्याख्यानासाठी डिजिटल चलनाचे भवितव्य हा विषय मी मुद्दाम निवडला. त्याचे कारण प्रथम सांगतो. काही महिन्यांपूर्वी एक पालक माझ्याकडे आले. मुलगा बारावीत, पुढे अभियांत्रिकीला घालण्याचे ठरलेले. त्यासाठी मुलाच्या चाच्यांनी कतारहून पावणेदोन लाख रुपये पाठविले होते. ओळखीच्या एका माणसाने सांगितले की, अमुक ‘कॉइन’मध्ये रक्कम घाला, सहा महिन्यांत दुप्पट होईल. त्यांनी घातली. मोबाईलवर आकडा रोज वाढताना दिसे. फी भरण्याची वेळ आली तेव्हा मात्र एक पैसाही निघेना. सल्ला देणाऱ्याची रक्कमही तेथेच अडकलेली. मी त्यांना १९३० या सायबर तक्रारीच्या क्रमांकावर तक्रार नोंदविण्यास सांगितले. पण त्यांचा प्रश्न माझ्या मनातून गेला नाही. ते म्हणाले, “सर, माझे पैसे मी आता कुणाकडे मागू?”

बंधूंनो, डिजिटल चलनाच्या भवितव्याचा सगळा विचार या एका प्रश्नात सामावलेला आहे. पैसा म्हणजे कुणीतरी दिलेले वचन असते. हे वचन कुणाचे आणि ते मोडले तर कुणाला जाब विचारायचा, हे पाहिल्यावाचून कोणत्याही चलनाचे आयुष्य सांगता येत नाही.

आपल्या वडीलधाऱ्यांना हे ठाऊक होते. एके काळी कुवेत, बहरीन, कतार, ओमान आणि आजच्या अमिरातीत आपला भारतीय रुपयाच चालत असे. सोन्याच्या चोरट्या व्यापाराला आळा घालण्यासाठी १९५९ साली भारत सरकारने आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या. त्याच सुमारास हजयात्रेकरूंसाठी दहा आणि शंभर रुपयांच्या खास ‘हज नोटा’ही निघाल्या. त्या नोटांवर रिझर्व्ह बँकेचेच नाव होते, पण आपल्या बाजारात त्या चालत नसत. पुढे १९६१ मध्ये कुवेतने आणि १९६५ मध्ये बहरीनने आपला दिनार सुरू केला. जून १९६६ मध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले आणि उरलेल्या राज्यांनीही हळूहळू रुपया सोडला. नोट तीच राहिली, पण तिच्यामागचे वचन जेथपर्यंत मानले जात होते ती सीमा आखडली.

त्याहून जुने उदाहरण आपल्याच दौलताबादशी जोडलेले आहे. १३३० च्या सुमारास सुलतान मुहम्मद तुघलकाने चांदीच्या टंक्याच्या मोलाची तांब्या-पितळेची नाणी काढली. कल्पना वाईट नव्हती. पण ही नाणी कुणालाही घरी पाडता येत होती. खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झाला, आणि अखेर सुलतानाला खजिन्यातून सोने-चांदी देऊन ती परत घ्यावी लागली. चलनाला दोन गोष्टी लागतात, हे यावरून दिसते. त्याची नक्कल होता कामा नये, आणि त्याच्यामागे उत्तर देणारा कुणीतरी हवा.

आता आजच्या डिजिटल चलनांना हीच दोन मापे लावू. बिटकॉइनची योजना २००८ मध्ये सातोशी नाकामोटो या नावाने प्रसिद्ध झाली आणि जानेवारी २००९ मध्ये ते सुरू झाले. हे नाव कुणाचे, हे आजवर सिद्ध झालेले नाही. नक्कल होऊ नये, हे पहिले काम या योजनेने गणिताच्या बळावर उत्तम केले आहे. एकूण बिटकॉइन २ कोटी १० लाखांहून अधिक होणार नाहीत. हिशेबाची वही राखणाऱ्यांना मिळणारी नवी नाणी दर चार वर्षांनी निम्मी होतात. एप्रिल २०२४ पासून वहीचे एक पान जोडल्यावर ३.१२५ बिटकॉइन मिळतात, आणि २१४० च्या सुमारास हा ओघ संपेल. त्यानंतर वही राखणाऱ्यांचा खर्च केवळ व्यवहारावरील शुल्कातून निघेल काय, हा या चलनाच्या दीर्घ आयुष्यातला खरा प्रश्न आहे.

दुसऱ्या मापाला मात्र ते उतरत नाही. नोव्हेंबर २०२१ मध्ये एका बिटकॉइनचा भाव ६९ हजार डॉलरच्या घरात होता. वर्षभरात तो १७ हजारांच्या आत आला आणि डिसेंबर २०२४ मध्ये एक लाखाच्या वर गेला. ज्या मापाची लांबीच अशी बदलते, त्या मापाने दुकानदार कापड कसे मोजणार? एल साल्वादोर या देशाने सप्टेंबर २०२१ मध्ये बिटकॉइनला कायदेशीर चलन केले, पण जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून व्यापाऱ्यांवरील सक्ती काढून टाकली. डॉलरशी बांधलेली म्हणवणारी नाणीही पारखून घ्यावी लागतात. टेरा नावाचे असे एक नाणे मे २०२२ मध्ये काही दिवसांतच कोसळले, कारण त्याच्यामागे पुरेशी ठेव नव्हती. म्हणूनच जुलै २०२५ मध्ये अमेरिकेने अशा नाण्यांमागे पूर्ण ठेव राखण्याचा कायदा केला. म्हणजे शासनावाचून चालू म्हणणारे चलनही अखेर शासनाच्या दारी आले.

आपल्या देशात २०२२ पासून अशा नाण्यांच्या नफ्यावर ३० टक्के कर आहे. त्यावरून पुष्कळांचा समज होतो की सरकारने त्यांना मान्यता दिली. तसे नाही. कर घेणे वेगळे आणि हमी घेणे वेगळे.

काही पालक विचारतात, हे व्यवहार जायज आहेत काय? मी आलिम नाही. जाणत्यांतही यावर एकमत नाही. इंडोनेशियाच्या उलेमा परिषदेने नोव्हेंबर २०२१ मध्ये चलन म्हणून त्यांचा वापर नाजायज ठरविला, तर मलेशियाच्या शरीअत सल्लागार मंडळाने २०२० मध्ये काही अटींवर त्यांच्या खरेदी-विक्रीस अनुमती दिली. पण ‘घरर’ म्हणजे काय घेतो-देतो याचीच अनिश्चितता, हा दोष टाळावा याबद्दल दुमत नाही. सहा महिन्यांत दुप्पट, असे कुणी म्हणाले की तेथे घरर आहे, हे ओळखायला मोठी विद्वत्ता लागत नाही.

तिसरा प्रकार सरकारी डिजिटल चलनाचा. यू.पी.आय.ने आपण चहाचे पैसे देतो, ते वेगळे चलन नव्हे. बँकेतील आपली रक्कम दुसऱ्याच्या खात्यात घालण्याचा तो हुकूम आहे. खात्यातील रक्कम हे बँकेचे आपल्याला असलेले देणे आहे, आणि बँक बुडाल्यास विम्याचे संरक्षण ५ लाखांपर्यंतच आहे. १ डिसेंबर २०२२ रोजी मुंबई, नवी दिल्ली, बेंगळुरू आणि भुवनेश्वर येथे सामान्य लोकांसाठी प्रायोगिक रीतीने सुरू झालेला डिजिटल रुपया मात्र नोटेप्रमाणे थेट रिझर्व्ह बँकेचे वचन आहे. खिशातल्या नोटेप्रमाणेच त्यावर व्याजही मिळत नाही.

माझ्या अल्प मतीप्रमाणे पुढील पन्नास वर्षांत टिकेल ते याच जातीचे चलन, आणि त्याच्या शेजारी कायद्याच्या बंधनातील खासगी नाणी. बिटकॉइन कदाचित राहील, पण सोन्यासारखी साठवण्याची वस्तू म्हणून. बाजारहाट त्यात होईल असे मला वाटत नाही.

पण सरकारी म्हणजे सर्व ठीक, असेही समजू नका. हज नोट ठराविक कामासाठीच होती. डिजिटल रुपयालाही तशी अट घालता येते, आणि रिझर्व्ह बँकेने त्या दिशेने प्रयोग हाती घेतले आहेत. शिष्यवृत्तीची रक्कम केवळ फीसाठीच खर्च व्हावी, अशी अट असती तर आरंभी सांगितलेल्या मुलाची फी वाचली असती. परंतु हीच अट उद्या कोणी कोठे काय खरेदी करावे यावरही घालता येईल. नोट कुणाच्या हातून कुणाच्या हाती गेली याची नोंद राहत नाही, डिजिटल चलनाची राहू शकते. ती कुणी पाहावी, आणि मोबाईल न वापरणाऱ्या आपल्या दादी-नानीने व्यवहार कसा करावा, हे कायद्याने ठरले पाहिजे. त्यासाठी प्रश्न विचारणारे सुशिक्षित नागरिक लागतील.

विद्यार्थी मित्रांनो, येथे तुमचे काम सुरू होते. नाण्याचा भाव पाहण्यात रात्र घालवू नका, त्यामागचे गणित शिका. आजची कुलपे उद्याचे क्वांटम संगणक उघडू शकतील, म्हणून ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेच्या मानक संस्थेने नव्या गुप्तलेखनाची पहिली मानके प्रसिद्ध केली. हे सारे बीजगणित आणि संख्या सिद्धांत आहे. ज्याला कायद्याची आवड आहे त्यालाही येथे मोठे क्षेत्र आहे.

आणि पालकांनो, कोणत्याही नव्या पैशाला तीन प्रश्न विचारा. हे वचन कुणाचे? मला हवे तेव्हा परत मिळेल काय? बुडाले तर दाद कोणाकडे? तिन्हींची उत्तरे लेखी मिळेपर्यंत मुलांच्या फीच्या रकमेला हात लावू नका. त्या पालकांच्या मुलाने यंदा प्रवेश घेतला नाही. तो दुकानात काम करीत आहे आणि पुढल्या वर्षी पुन्हा प्रयत्न करणार आहे. त्याला संस्थेच्या निधीतून साहाय्य व्हावे, अशी मी येथे सर्वांसमक्ष विनंती करतो आणि आपली रजा घेतो.