अर्धशिशी आणि स्वभावाचा दोष



वरचेवर डोके दुखते अशी तक्रार करणाऱ्या माणसाला आपल्या समाजात औषधाआधी स्वभावाचे निदान मिळते. 'फार विचार करते', 'चिडकाच आहे', 'सगळे मनाला लावून घेते' अशी वाक्ये घरोघरी ऐकू येतात. 'स्वभावाला औषध नाही' ही म्हण तर तयारच असते. दुखणे एकदा स्वभावाच्या खात्यावर जमा झाले की उपचाराचा विषय तेथेच संपतो. अर्धशिशी पुरुषांच्या मानाने स्त्रियांमध्ये सुमारे तिप्पट आढळते. साहजिकच या शेऱ्याचा भार भगिनींवर अधिक पडतो.

ही समजूत केवळ अशिक्षितांची नव्हे. न्यूयॉर्कचे ख्यातनाम मेंदूविकारतज्ज्ञ डॉ. हॅरोल्ड वुल्फ यांनी १९३७ साली अर्धशिशीच्या रुग्णाचे स्वभावचित्रच रेखाटले होते. हा रुग्ण महत्त्वाकांक्षी, काटेकोर, टापटिपीचा आणि ताठर असतो, असे त्यांनी मांडले. वुल्फ स्वतः अर्धशिशीने पीडित होते, तेव्हा हे चित्र काही अंशी आरशात पाहून काढलेले असावे! पुढे १९७१ मध्ये ब्रिटनमधील संशोधक वॉटर्स यांनी दवाखान्याबाहेरच्या सर्वसामान्य लोकांची पाहणी केली. अर्धशिशी बुद्धीच्या आणि संपत्तीच्या सर्व स्तरांत सारखीच आढळली. मात्र सुशिक्षित आणि सुस्थितीतील रुग्ण डॉक्टरांकडे अधिक जात होते. जे दवाखान्यात आले, त्यांचाच स्वभाव रोगाचा स्वभाव ठरला होता.

आपल्या बीड जिल्ह्यात हा भेद उघड दिसतो. गळीत हंगामात लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. पहाटेपूर्वी उठणे, अपुरी झोप, लांबलेले जेवण, ऊन, कमी पाणी आणि डोक्यावर उसाची मोळी ही सारी अर्धशिशीला चाळवणारी कारणे होत. परंतु 'खाडा' झाला की पैसे कापले जातात. म्हणून ती मजूर स्त्री दुकानातली गोळी घेऊन पुन्हा फडात उतरते. तिचा स्वभाव कोणत्या संशोधकाने मोजला? बंगळूर शहर व परिसरातील खेड्यांच्या २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे २५ टक्के प्रौढांना वर्षभरात अर्धशिशीचा त्रास झालेला आढळला. इतक्या मोठ्या लोकसंख्येचा एकच स्वभाव असणे शक्य नाही.

असे असले तरी स्वभावाचा काहीच संबंध नाही, असे म्हणणेही सत्याला धरून होणार नाही. चिंताळू, चटकन अस्वस्थ होणाऱ्या माणसांत अर्धशिशी अधिक दिसते, हे अनेक अभ्यासांत आढळले आहे. अमेरिकेतील नाओमी ब्रेस्लाउ यांच्या १९९६ च्या अभ्यासात असा स्वभाव असलेल्या तरुण स्त्रियांना पुढील वर्षांत नव्याने अर्धशिशी जडण्याचे प्रमाण जास्त होते. पण संबंध म्हणजे कारण नव्हे. अर्धशिशीत आनुवंशिकतेचा वाटा जवळजवळ निम्मा आहे, आणि चिंतेचा कल व अर्धशिशी यांची मुळे काही अंशी सामाईक असू शकतात. शिवाय महिन्यातले पंधरा दिवस ज्याचे डोके ठणकते, तो माणूस उद्याच्या दुखण्याला भिणारच. त्या भीतीला आपण स्वभाव म्हणतो.

स्वभाव खरा घात करतो तो वेगळ्याच वाटेने, आणि तोही 'चांगला' म्हणवला जाणारा स्वभाव. कर्तव्यदक्ष माणूस थांबत नाही. मार्चअखेरचे हिशेब असोत वा घरातील लग्नकार्य, गोळी घेऊन तो काम पुरे करतो. साधी वेदनाशामक गोळी महिन्यातून पंधरा किंवा अधिक दिवस, अथवा मिश्र गोळी दहा किंवा अधिक दिवस, अशी तीन महिन्यांहून अधिक काळ घेतली गेली तर गोळीच नवी डोकेदुखी निर्माण करते. मग दुखते म्हणून गोळी आणि गोळीमुळे दुखणे, असे चक्र सुरू होते. सहनशीलतेचे कौतुक करणाऱ्या कुटुंबांनी या आकड्यांकडे अवश्य पाहावे.

आपल्या समाजाच्या दृष्टीने उपवासाचा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. पर्युषणात उपवासाच्या दिवशी डोके दुखले की 'भावच कमी पडला' असे श्राविका स्वतःलाच बोल लावते. १९९५ मध्ये इस्रायलमध्ये योम किप्पूरच्या निर्जळी उपवासाचा अभ्यास झाला. रुग्णालयातील ३७० कर्मचाऱ्यांपैकी उपवास करणाऱ्यांत ३९ टक्क्यांचे डोके दुखले, न करणाऱ्यांत ७ टक्क्यांचे. ज्यांना एरवीही डोकेदुखी होते, त्यांना हा त्रास अधिक झाला. हा श्रद्धेचा नव्हे, शरीराचा प्रश्न आहे. रोजचा चहा एकदम सुटण्यानेही डोके दुखते. तो आठ-दहा दिवस आधीपासून हळूहळू कमी करावा. अर्धशिशी असणाऱ्यांनी अठ्ठाई किंवा वर्षीतप आरंभण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे, आणि आधीपासून चालू असलेली औषधे परस्पर बंद करू नयेत.

प्रोप्रॅनोलॉल, अमिट्रिप्टिलिन यांसारखी जुनी, स्वस्त औषधे अर्धशिशीचे झटके कमी करतात. दुसरे औषध मूळचे उदासीनतेवरचे. त्यामुळे 'मला वेडाची गोळी दिली' असे समजून पुष्कळ जण ते सोडून देतात. वास्तविक उदासीनता नसतानाही ते अर्धशिशीवर उपयोगी पडते. अचानक उठलेली असह्य डोकेदुखी, तापासोबत मान ताठरणे, हातापायांतील शक्ती जाणे किंवा पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले दुखणे असेल, तर विलंब न करता मोठे रुग्णालय गाठावे. अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जिल्ह्यातच आहे. इतरांनी एका वहीत महिनाभर तारीख, झोप, जेवणाची वेळ, पाळी आणि घेतलेल्या गोळ्या लिहाव्यात व ती वही डॉक्टरांपुढे ठेवावी. 'चिडकी', 'हळवी' असे रकाने त्या वहीत नकोत.