फुलांचा रतीब
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



फुलांच्या धंद्याविषयी दोन शब्द सांगा, असे चिटणीसबाई म्हणाल्या तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत, सभेत बोलण्याची सवय नाही. त्यावर त्या म्हणाल्या, "भाषण नको, हिशेब सांगा." हिशेब मला सांगता येतो, म्हणून उभी राहिले.

आमच्या घरामागे दोन गुंठ्यांचा तुकडा पडून होता. २०१८ च्या एप्रिलात तो मी ह्यांच्याकडून मागून घेतला. "बायकांचा विरंगुळा" असे म्हणून ह्यांनी दिला. बचत गटातून ५,००० रुपये काढले, महिना शेकडा दोन रुपये व्याजाने, आणि दोन रुपयांना एक याप्रमाणे गुलछडीचे २,००० कंद आणले. गुलछडी म्हणजे आपला निशिगंध. एकेरी फूल हाराला जाते. मी दुहेरी घेतली, कारण तिची लांब काडी फुलदाणीत शोभते. जरबेरा पाहून माझाही जीव जातो, पण त्याला पॉलीहाऊस लागते, आणि पॉलीहाऊसला लागतो तो पैसा आमच्या सात पिढ्यांत कोणी पाहिलेला नाही.

पहिली चूक लगेचच झाली. मी सपाट वाफ्यांत कंद लावले. जूनच्या पावसात पाणी साचले आणि सहाशे-सातशे कंद कुजले. उकरून पाहिले तर हाताला नुसता लगदा. त्या दिवशी मी जेवले नाही. मग उरलेले कंद भर पावसात सरी-वरंब्यावर घेतले, ते वाचले. गुलछडीला पाणी हवे, पण पायाशी थांबलेले पाणी नको.

दुसरी चूक अधिक शिकवणारी. काड्या भरभरून आल्या, म्हणून मी दहा-दहाच्या बारा जुड्या बांधून गुलटेकडीच्या बाजारात जाणाऱ्या टेम्पोत दिल्या. पट्टी आली. जुडीला आठ रुपये, म्हणजे झाले ९६. त्यातून टेम्पोभाडे ४० आणि हमाली १० वजा जाता हातात ४६ रुपये. मी आडत्याला मनातल्या मनात पुष्कळ बोलून घेतले. सासूबाईंनी मात्र एवढेच विचारले, "आज तिथी कोणती?" पितृपंधरवडा होता! गणपती होऊन गेलेले, नवरात्र यायचे. त्या दिवसांत ना लग्न, ना मुंज, ना सत्यनारायण. फुले कोण घेणार? सासूबाईंना अक्षरओळख नाही, पण पंचांग सारे तोंडपाठ. तेव्हापासून कॅलेंडर चुलीजवळ टांगले आहे आणि लावणीच्या तारखा सणापासून मागे मोजून धरते. अ‍ॅस्टरचे रोप लावल्यापासून फूल यायला अडीच-तीन महिने लागतात; दसऱ्याला हवे तर श्रावण लागण्याच्या आत रोप जमिनीत पाहिजे.

दूरचा बाजार आपला नव्हे, हे ४६ रुपयांनी कळले. मग वाटले, दुधाचा रतीब असतो, फुलपुडीचा असतो, तर फुलदाणीच्या फुलांचा का नसावा? सासवडला एका दवाखान्यात आणि दोन दुकानांत विचारले. पहिल्या आठवड्याला फुले फुकट दिली. दुसऱ्या आठवड्याला त्यांनीच विचारले, "बाई, आज नाही आणली?" सहा काड्या, हंगामात त्यांत चार अ‍ॅस्टर, दर आठवड्याला ३० रुपये. वर्षभरात चौदा गिऱ्हाइके झाली.

इथे काडी तोडण्याविषयी सांगते, कारण सारा धंदा त्यावरच आहे. खालची दोन-तीन फुले उमलली की काडी तोडायची. त्याआधी तोडली तर वरच्या कळ्या तशाच माना टाकतात, उशीर केला तर गिऱ्हाइकाच्या घरी दोन दिवसांत खालची फुले तपकिरी पडतात. पहाटे, ऊन चढण्याआधी, धारदार विळ्याने तोडायची आणि तोडताक्षणी पाण्याच्या बादलीत उभी करायची. मोडायची नाही, ओढायची तर नाहीच. घेणाऱ्या बाईलाही मी सांगते, रोज पाणी बदला आणि देठाचे टोक किंचित कापा. मग चार-पाच दिवस घर दरवळते. प्लॅस्टिकची फुले धुतली की झाले म्हणतात, धुवोत बापड्या.

आता हिशेब. चौदा घरे, आठवड्याला ४२०, महिन्याला १,६८०. खत, पंपाची वीज, औषध मिळून ५००. आणखी ५०० मी वहीत "माझी मजुरी" म्हणून मांडले. आठवड्यातून दोन सकाळी, प्रत्येकी अडीच तास, आमच्याकडे तेव्हा खुरपणीला असलेल्या दराने. हे हसले. म्हणाले, "स्वतःच्या घरात कोणी मजुरी लावते काय?" मी म्हटले, "भावाच्या ट्रॅक्टरचे भाडे तुम्ही लिहिता ना?" ते काही बोलले नाहीत. मजुरी जाऊन राहिले ६८०. पण मजुरी न मांडता मी त्यांना ११८० म्हटले असते आणि स्वतःलाच फसवले असते.

मग २०२० चा पाडवा आला, २५ मार्चचा. तोरणांसाठी मी खास झेंडू केला होता. आदल्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली. भरलेल्या पाट्या पडवीत तशाच राहिल्या. चौथ्या दिवशी सारे उकिरड्यावर ओतले. ठिबकच्या नळ्यांसाठी गटाचे ८,००० नुकतेच काढले होते. कंद उपटून भाजी लाव, असे हे म्हणाले, आणि त्यांचे चुकत होते असेही नाही. मी अर्धे कंद ठेवले, अर्ध्या जागेत मेथी-कोथिंबीर केली. तो हप्ता मेथीने फेडला. गणपतीत रतीब पुन्हा सुरू झाला तेव्हा चौदांतील नऊच उरले. त्यांतल्या एका निवृत्त शिक्षिकाबाईंनी मार्चचे राहिलेले १२० रुपये डबीत जपून ठेवले होते. आज बावीस घरे आहेत.

एक गोष्ट बोलू की नको असे झाले आहे, पण बोलते. सर्वांत जड गिऱ्हाईक म्हणजे ओळखीचे. "घरचीच तर फुले, दे चार." जावेला नाही म्हणताना माझी जीभ अडखळली, दोन महिने ती बोलली नाही. पूजेला मूठभर सुटी फुले मी आजही कोणालाही देते; काडी मात्र विकतच. मागल्या वर्षी मंडळाच्या कार्यक्रमालाही फुले नेली आणि चिटणीसबाईंच्या हाती बिल दिले. त्यांचा चेहरा मी पाहिला! पण पैसे आले. आज या टेबलावरची फुले मंडळाने स्वतः सांगून विकत घेतली आहेत.

येत्या फाल्गुनात माझे दोन जुने वाफे काढायचे आहेत. तीन वर्षांत एका कंदाचे अनेक होतात. कोणाला लावायचे असतील तर फडके घेऊन या, सुपारीहून मोठे आणि टणक तेवढे निवडून देईन. अडीच रुपयांना एक. उधारी नाही.